ताम्हनातली काळी जास्वंद

रात्रीचे अडीच वाजले होते. सांगलीला विश्रामबागेत मामांच्या घरी, मागच्या खोलीत, आम्ही दोघं जमिनीवर मांडी घालून बसलो होतो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो. बोलायचं नाही हा मामांचा नियम. आवाजानेसुद्धा हवा हलते. पंखा बंद, खिडक्या बंद, स्वयंपाकघरातला फ्रीजही बंद. कपाटामागे झिरोचा हिरवा दिवा, त्याच्या उजेडात मामांचा चष्मा तेवढा चमकत होता. लेझर लावून वीस मिनिटं झाली होती, पण त्याच्या तोंडाशी काळा पुठ्ठा उभा होता. लांबून मालगाडी आली. मामांनी बोट वर केलं. गाडी मिरजेकडे निघून गेली, तरी पाच मिनिटं ते बोट खाली आलं नाही.

मग त्यांनी पुठ्ठा अर्धा इंच वर उचलला, पण प्रकाश अडवूनच धरला. मनात दहा आकडे मोजले आणि पुठ्ठा बाजूला घेतला. लाल उजेड काचेच्या प्लेटमधून आरपार जाऊन पलीकडच्या ताम्हनावर पडला. चाळीस सेकंद. पुठ्ठा पुन्हा जागेवर.

या चाळीस सेकंदांसाठी आम्ही तीन आठवडे राबलो होतो.

मी चित्रं काढते आणि शाळेत चित्रकला शिकवते. मामांनी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. आजवर आमचं बोलणं म्हणजे दिवाळीचा फराळ, आजीची तब्येत, कुणाचं लग्न ठरलं, एवढंच. काही वर्षांपूर्वी भावाकडे बोस्टनला गेले होते, तेव्हा नदीपलीकडच्या केंब्रिज गावात एमआयटीच्या संग्रहालयात पहिल्यांदा खरे होलोग्राम पाहिले. काचेच्या पाठीमागे वस्तू आहे असं स्पष्ट दिसतं, वाकून बघितलं तर तिची दुसरी बाजू दिसते, आणि काचेमागे हात घातला तर तिथे काहीच नाही. मी त्या दालनात किती वेळ होते कोण जाणे, भाऊ दोनदा शोधायला आला. परत आल्यावर मामांना विचारलं, "हे आपल्याला घरी जमेल?" ते म्हणाले, "प्रयोगशाळेत मुलांकडून करून घ्यायचो. पण अगं, त्यात तुला काय करायचंय?"

त्यांचा प्रश्न बरोबरच होता. होलोग्राम म्हटलं की आपल्याकडे औषधाच्या खोक्यावरची चकचकीत चिकटपट्टी आठवते. नाहीतर निवडणुकीतली ती सभा, जिथे नेता एकाच वेळी अनेक गावांत 'प्रकट' होतो. ते तर होलोग्रामही नव्हे. तिरप्या पारदर्शक पडद्यावरचं प्रतिबिंब ते, नाटकवाल्यांची दीडशे वर्षांपूर्वीची युक्ती. खऱ्या होलोग्रामची गोष्ट वेगळी आहे. साध्या फोटोत कुठून किती प्रकाश आला एवढीच नोंद होते. होलोग्रामच्या प्लेटवर प्रकाशाच्या लाटा कशा, कोणत्या टप्प्यात येऊन पोचल्या तेही नोंदलं जातं. सरळ आलेला लेझर आणि वस्तूवरून परतलेला लेझर प्लेटवरच्या इमल्शनमध्ये, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थरात, एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटीचे पट्टे उमटतात. म्हणून तर एवढी शांतता लागते. आमच्या लाल लेझरची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर. त्याच्या पाव भागाइतकी जरी वस्तू सरकली तरी पट्टे पुसले जातात. म्हणजे केसाच्या जाडीचा चारशेवा हिस्सा म्हणा.

मामांनी मला आधी इतिहास शिकवला, शिक्षकच ते. १९४७ साली इंग्लंडमधल्या रग्बी गावात डेनिस गॅबोर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारायच्या खटपटीत असताना त्यांना ही कल्पना सुचली. लेझर नव्हता, त्यामुळे ती तशीच पडून राहिली. १९६० मध्ये लेझर आला. मिशिगनमध्ये लीथ आणि उपात्निएक्स या दोघांनी १९६४ साली खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम दाखवला आणि लोक वेडे झाले. गॅबोर यांना १९७१ चं नोबेल मिळालं. पण मामांचा जीव लेनिनग्राडच्या युरी डेनिस्युक यांच्यावर. १९६२ साली त्यांनी एकाच किरणात सगळं बसवलं: प्रकाश प्लेटमधून जातो, मागच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि प्लेटमध्येच स्वतःला भेटतो. शिवाय तो होलोग्राम बघायला लेझर लागत नाही, साधं ऊन पुरतं. आम्ही केला तो याच पद्धतीने.

टेबलाची गोष्ट मात्र मी मामांना सांगितली.

सुरुवातीच्या काळात होलोग्राफीला ग्रॅनाइटची किंवा पोलादाची, हवेच्या उशांवर तरंगणारी अवजड टेबलं लागत. ती परवडणार विद्यापीठांना, नाहीतर संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांना. चित्रकाराला, शिल्पकाराला तिथे शिरायचं तर कुणाच्या तरी मेहेरबानीने, तेही रात्री. जेरी पेथिक हा कॅनडाचा शिल्पकार आणि लॉइड क्रॉस हा लेझरवर काम केलेला भौतिकशास्त्रज्ञ, या दोघांनी मिळून त्याला साधा तोडगा काढला: वाळू. वाळूने भरलेली मोठी पेटी. आरसे, भिंगं प्लास्टिकच्या पाइपांवर बसवायची आणि पाइप वाळूत खोचायचे. हवं तिथे उपटा, हवं तिथे रोवा. वाळू जड असते, थरथर पिऊन टाकते, आणि तिला पैसे पडत नाहीत. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी होलोग्राफीची शाळा काढली, तिथे विज्ञानाची पदवी नसलेली माणसं येऊन होलोग्राम करायला शिकली. या वाळूच्या पेटीविषयी वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. ओली माती, वाळू, प्लास्टर हाताळलेल्या माणसालाच हे सुचू शकतं, आणि ते चालेल की नाही हे कळायला शेजारी भौतिकशास्त्रज्ञच हवा.

मामांनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी कृष्णेची चार पोती वाळू आली. मामींनी ती गच्चीवर चाळून, धुऊन, वाळवून दिली. घराचं बांधकाम झालं तेव्हा ओट्याची कडप्प्याची एक लादी उरली होती. ती खाली, तिच्याखाली स्कूटरच्या चार जुन्या ट्यूब अर्धवट फुगवून, वर लाकडी पेटीत वाळू. ट्यूबमध्ये हवा किती ठेवायची हे मामांनी पेलाभर पाण्यात लेझरचं प्रतिबिंब पाडून ठरवलं. भिंतीवरचा ठिपका थरथरायचा थांबेपर्यंत हवा सोडत गेले.

आता ताम्हनाकडे येते. आजीचं ताम्हन तांब्याचं, तळहाताएवढं, कडेला पोचा आलेला. प्लेट चार बाय पाच इंचांची, म्हणजे बरोबर मावेल असं. मामांनी सांगितलं होतं, धातू, चिनी माती, दगड असं काहीतरी घट्ट घे. मी ताम्हन उभं केलं, लाखेने पक्कं चिकटवलं, आणि त्याच्यापुढे एक जास्वंद ठेवली. मामा म्हणाले, "फूल नको. फूल जिवंत आहे, हलणार." मी हट्ट धरला. आजीच्या ताम्हनात मी कधी फुलाशिवाय काही बघितलंच नव्हतं. शिवाय लाल फुलावर लाल लेझर पडला की ते पांढऱ्या फुलाइतकं उजळ झळकतं, ते मी तालमीच्या वेळी पाहिलं होतं. जास्वंद संध्याकाळी मिटायला लागते म्हणून ती फ्रीजमध्ये ठेवली आणि दोन वाजता बाहेर काढली.

प्लेट डेव्हलपरमध्ये टाकली, ती काळी झाली. पाण्यातून काढून ब्लीचमध्ये टाकली, ती हळूहळू स्वच्छ झाली, जवळजवळ साध्या काचेसारखी. पुन्हा पाणी. ओल्या प्लेटवर काहीच दिसत नाही, हे मला माहीत होतं, तरी घशाला कोरड पडली. इमल्शन पाण्याने फुगलेलं असतं, त्यातले पट्टे लांब झालेले असतात. मामांनी दिवा लावला, मी मामींचा हेअर ड्रायर घेतला. गार हवा. एका कोपऱ्यातून गडद लाल काहीतरी उगवलं. मग नारिंगी. कोरडी होत गेली तशी ती कड पिवळी झाली, शेवटी हिरवट सोनेरी. काचेच्या आत, काचेच्या मागे, आजीचं ताम्हन उभं होतं. पोचा दिसत होता. मान डावीकडे नेली तर कडेखालची सावली सरकली.

आणि त्याच्यापुढे, फुलाच्या जागी, काळं भोक होतं.

पाच पाकळ्या, मधला तुरा, वळलेली कड, सगळं जसंच्या तसं; फक्त तिथे प्रकाशाचा कण नव्हता. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "फसलं. फूल फ्रीजमधून बाहेर आलं, गरम व्हायला लागलं, पाकळ्या सैलावल्या. सांगितलं होतं तुला. प्लेट वाया." ते मोरीकडे वळले, हात धुवायला.

"मामा, थांबा. इकडून बघा."

मी त्यांना जरा उजवीकडे उभं केलं. डोकं हलवलं की ते काळं फूल मागच्या तांब्यावरून सरकायचं, ताम्हनाचा एक भाग झाकायचं, दुसरा उघडा करायचं. डाग असता तर तो काचेला चिकटून राहिला असता. हे काळं ताम्हनापुढे अधांतरी उभं होतं, त्याला खोली होती. न दिसणारी वस्तू आपण सगळ्या बाजूंनी बघत होतो. आजीला जाऊन चार वर्षं झाली. त्या रात्री मी मामांना हे बोलले नाही, पण ते बराच वेळ तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मार्गारेट बेन्यनविषयी सांगितलं. ही इंग्लंडची चित्रकर्ती. १९६८ पासून तिने होलोग्राफी हातात घेतली, कलामाध्यम म्हणून होलोग्राफीकडे बघणाऱ्या अगदी पहिल्या माणसांतली ती. नॉटिंगहॅम विद्यापीठात ती ललित कलेची फेलो होती. लेझर शास्त्रज्ञांचा, प्रयोगशाळा त्यांची, वेळ त्यांना नको असेल तो. १९७० मध्ये तिने 'हॉट एअर' नावाचा होलोग्राम केला. शास्त्रज्ञ जी गोष्ट टाळायला जिवाचं रान करतात, ती तिने मुद्दाम आत घेतली. स्थिर वस्तूंच्या मांडणीत तिचा हात होता, आणि जिवंत हात स्थिर राहत नाही, म्हणून तो काळी पोकळी होऊन उमटला. मामांनी नाव दोनदा विचारून घेतलं आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलं. "म्हणजे तिला ठाऊक होतं काळं होणार ते," एवढंच म्हणाले.

जिवंत माणसाचा होलोग्राम करायचा तर दुसरा मार्ग स्पंदलेझरचा, म्हणजे क्षणभरच लखकन उजळणाऱ्या लेझरचा. सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात काम संपतं, हलायला वेळच मिळत नाही. १९६८ मध्येच ब्रूस नॉमन या अमेरिकन कलावंताने अॅन आर्बरच्या कंडक्ट्रॉन कंपनीच्या अशा लेझरसमोर उभं राहून ओठ ओढले, गाल चिमटले, आणि त्या वेड्यावाकड्या तोंडांचे होलोग्राम केले. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली यांनी १९७२ साली न्यूयॉर्कच्या नोएडलर गॅलरीत होलोग्राम मांडले, आणि १९७३ मध्ये गायक अॅलिस कूपर याचं गोल फिरणारं होलोग्राफिक चित्र केलं. त्यात दाली यांच्याबरोबर काम करणारा सेल्विन लिसाक मूळचा जॅझ ड्रमवादक. दाली यांचं नाव जगभर गेलं. लिसाक किती जणांना माहीत आहे?

मला जास्त जवळची वाटते ती हॅरिएट कॅस्डिन-सिल्व्हर आणि स्टीफन बेंटन यांची जोडी. बेंटन पोलरॉइडमध्ये शास्त्रज्ञ. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक अवघड सौदा केला: वरखाली बघताना दिसणारी खोली सोडून दिली, आणि त्या बदल्यात होलोग्राम साध्या पांढऱ्या प्रकाशात आणला. आपले डोळे एकाशेजारी एक आहेत, आपण वर-खाली क्वचितच डोलतो, म्हणून हा तोटा कुणाला फारसा जाणवत नाही. त्यातून इंद्रधनुषी होलोग्राम आला, चिकटपट्टीवरचा आजचा होलोग्राम त्याचाच वंशज. कॅस्डिन-सिल्व्हर शिल्पाच्या, मांडणीच्या अंगाने आलेली. तिने बेंटन यांच्याबरोबर ही रीत कलेत आणली. १९७७ च्या 'इक्विव्होकल फोर्क्स'मध्ये जेवणाचे काटे प्लेटच्या मागे नसून पुढे, बघणाऱ्याच्या अंगावर येतात. त्याच वर्षी जर्मनीतल्या कासेल इथे डोक्युमेंटा प्रदर्शनात एमआयटीच्या कलावंतांनी 'सेंटरबीम' नावाची १४४ फूट लांबीची रचना उभी केली, तिच्यात कॅस्डिन-सिल्व्हरचे होलोग्राम सूर्याच्या उजेडावर उजळायचे. बेंटन स्वतःही होलोग्राम करत राहिले, निव्वळ बघण्यासाठी. बायकोने किंवा नवऱ्याने एकमेकांचं गाणं गुणगुणावं तसं त्या दोघांचं काम एकमेकांत मुरलेलं दिसतं.

उन्हावरून आठवलं. आमची प्लेट ट्यूबलाइटखाली धरली तर नुसती काच दिसते. पसरलेला उजेड चालत नाही, एका ठिकाणाहून आलेला लागतो. मामांच्या घरी सकाळी साडेआठला पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं, तेव्हा ती तिथे ठेवायची. पाऊणेक तास ताम्हन जागं असतं, मग मिटतं. मामी पूजा आटोपून येतात आणि रोज एकदा बघून जातात.

प्लेट घेऊन मी जवळच्या एका शहरातल्या कलादालनात गेले होते. तिथल्या गृहस्थांनी टॉर्चच्या उजेडात पाहिली, खरंच मन लावून पाहिली, आणि म्हणाले, "छान आहे, पण हे विज्ञान प्रदर्शनात द्या." मग एका विज्ञान प्रदर्शनात विचारलं. त्यांना फूल नीट आलेलं हवं होतं. मला दोन्ही ठिकाणी वाईट वाटलं आणि अजून वाटतं. हे दुखणं जुनं आहे. न्यूयॉर्कच्या मर्सर स्ट्रीटवर १९७६ साली होलोग्राफीचं स्वतंत्र संग्रहालय निघालं होतं, ते १९९२ ला बंद पडलं. संग्रह एमआयटीने घेतला, म्हणून वाचला, आणि म्हणूनच मला तो बघायला मिळाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आग्फा कंपनीने होलोग्राफीची फिल्म बनवणं थांबवलं, कलावंतांच्या हातचं सामानच गेलं. तरीही शिल्पकार लुईझ बुर्जवा यांनी १९९८ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, सी-प्रोजेक्ट या कलावंतांकडून होलोग्राम करून घेणाऱ्या उपक्रमातल्या होलोग्राफरांना हाताशी घेऊन छोट्या पलंग-खुर्च्यांचे लालभडक होलोग्राम केले. २०२४ साली लॉस एंजेलिसच्या गेटी सेंटर या कलासंग्रहालयाने सी-प्रोजेक्टमधल्या कामांचं प्रदर्शन भरवलं. पाव शतकानंतर का होईना, ती कामं मोठ्या कलासंग्रहालयाच्या भिंतीवर लागली.

नावाचा प्रश्न आमच्याकडेही आला. कलादालनासाठी चिठ्ठी लिहायची होती: कृती कुणाची? मामा म्हणाले, "तुझी. मी आपला वायरमन." मला ते अजिबात पटलं नाही. ट्यूबमधली हवा, दहा आकडे मोजण्याचा धीर, ब्लीचचं प्रमाण, मालगाडी गेल्यानंतरची ती पाच मिनिटं, हे सगळं त्या चित्रात आहे. कुंचल्याचा फटकारा चित्रात असतो तसं आहे. आणि फूल ठेवू नको म्हणणारा माणूस शेजारी नसता तर ते काळं का झालं हे मला कळलंच नसतं. मी दाभण घेतला आणि प्लेटच्या खालच्या कोपऱ्यात, इमल्शनवर, दोघांची आद्याक्षरं कोरली. आधी त्यांचं, मग माझं.

परवा संध्याकाळी मामांचा फोन आला. त्यांनी फोन करणं हीच नवलाची गोष्ट. म्हणाले, "कापूर ठेवला तर?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब केलाय. कापराची वडी उघड्यावर ठेवली की दिवसादिवसाने झिजते. ते सेकंदावर आणलं तर चाळीस सेकंदांत तिचा पृष्ठभाग साधारण शंभर-दीडशे नॅनोमीटर आत जाईल. म्हणजे बरोबर उंबरठ्यावर. थोडा कमी झिजला तर दिसेल, थोडा जास्त झिजला तर काळा. "आणि कडेला वेगळा, मध्यावर वेगळा झिजतो," ते म्हणाले. "कदाचित कुठे दिसेल, कुठे दिसणार नाही. तू ये. कसा ठेवायचा ते तूच ठरव, मला ते समजत नाही."

मी गणपती पेठेतून साध्या वड्यांचं पाकीट आणलंय, चौकोनी आणि गोल, दोन्ही. गुरुवारी रात्री बसायचं ठरलंय. ताम्हन तेच.